पिस्टन, रिंगा आणि कनेक्टिंग रॉड: 'हाफ इंजिन'च्या कामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे आकडे भारतात सर्रास दिसणाऱ्या छोट्या इंजिनांसाठी आहेत: ८०० ते १३०० सीसीचं पेट्रोल आणि स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा यांत आलेलं १२४८ सीसीचं डिझेल. तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरायचा.

'हाफ इंजिन' म्हणजे नेमकं काय काय उघडतात?

हेड (सिलिंडरांवरचं झाकण) वर काढतात, ऑइल चेंबर खाली काढतात आणि पिस्टन व कनेक्टिंग रॉड बाहेर येतात. क्रँकशाफ्ट आणि मेन बेअरिंगं जागेवरच राहतात. क्रँकही उतरवला की झालं 'फुल इंजिन'. हा फरक गॅरेजच्या बोलीतला आहे, कंपनीच्या पुस्तकात तो सापडणार नाही. त्यामुळे काम ठरवताना रिंगा, पिस्टन, रॉड बेअरिंग, बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते सिलिंडरचं भोक), व्हॉल्व्ह, ऑइल पंप यांतलं काय होणार आणि काय नाही, ते कागदावर लिहून घ्या. निम्मी भांडणं या एका शब्दामुळे होतात.

सायलेन्सरमधून निळा धूर येतोय. रिंगा गेल्या का?

गेल्या असतील, पण धूर कधी येतो ते आधी पाहा. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू केल्यावर भसकन धूर येतो आणि मिनिटभरात थांबतो, किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की येतो. अशा वेळी संशय व्हॉल्व्हच्या ऑइल सीलवर जातो. सील स्वस्त असतात आणि अनेक इंजिनांत हेड न काढताही बदलता येतात. चढावर, दाबून चालवताना सतत निळा धूर येत असेल आणि ऑइल भरण्याचं झाकण उघडल्यावर फुसफुस हवा बाहेर येत असेल (गॅरेजच्या भाषेत 'बॅक कॉम्प्रेशन'), तर रिंगा किंवा बोअर.

टर्बो असलेल्या गाडीत टर्बोच्या सीलमधूनही ऑइल जळतं. इंटरकूलरचा पाइप काढून आत ऑइल साचलंय का ते बघितल्याशिवाय इंजिन उघडू नका. एक साधा पाइप असतो ब्रीदरचा, इंजिनाच्या आतला दाब बाहेर सोडणारा. तो चोंदला की आतला दाब वाढून ऑइल वर फेकलं जातं आणि चांगल्या रिंगांवर आळ येतो.

कॉम्प्रेशन टेस्ट नीट कशी करायची?

इंजिन गरम हवं, बॅटरी पूर्ण चार्ज हवी. पेट्रोल इंजिनात सगळे स्पार्क प्लग काढा, इग्निशन कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर सोडवा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा. हे बहुतेक जण विसरतात. थ्रॉटल बंद राहिला तर सिलिंडरला हवाच मिळत नाही आणि धडधाकट इंजिन आजारी दिसतं. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे द्या आणि आकडा लिहून ठेवा.

पेट्रोलला साधारण ११ ते १४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला), म्हणजे १५५ ते २०० पीएसआय, ठीक. डिझेलला २५ ते ३० बार. पण एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो. तो एक किलोच्या आत असावा.

एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर, ५ मिलिलिटर, इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर हवा रिंगांमधून जाते. जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. डिझेलवर ही युक्ती करू नका. तिथे पिस्टनच्या वर उरणारी जागाच इतकी कमी असते की ऑइलने ती भरूनच आकडा वाढतो आणि निष्कर्ष चुकतो.

कॉम्प्रेसर असेल तर लीक टेस्ट आणखी पक्की. पिस्टन टीडीसीवर, म्हणजे सर्वात वरच्या टोकाला, ठेवून प्लगच्या भोकातून हवा सोडायची आणि कान द्यायचा. ऑइलच्या झाकणातून हवा आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनलेट. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

आतून ठकठक आवाज येतो. गजन पिन, पिस्टन की बेअरिंग?

थंड इंजिनात पोकळ टकटक आणि गरम झाल्यावर कमी: पिस्टन बोअरमध्ये सैल झालाय आणि त्याचा स्कर्ट (खालचा घेर) भिंतीवर आपटतोय. गाडी अशी बरेच दिवस चालू शकते. आयडलला धातूचा बारीक, दुहेरी टिकटिक आवाज गजन पिनचा, म्हणजे पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनचा, असतो. साधारण दोन-अडीच हजार फेऱ्यांवर, हलक्या ॲक्सिलरेटरवर जड ठोका येत असेल तर रॉडचं बेअरिंग, आणि त्यावर 'पुढच्या महिन्यात बघू' चालत नाही.

सिलिंडर ओळखायला पेट्रोल गाडीत एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढा. ज्याचा काढल्यावर ठोका मंदावतो तो सिलिंडर. नुसता स्पार्क बंद केला तर कच्चं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो, म्हणून इंजेक्टरच बंद करा. कॉमन रेल डिझेलमध्ये इंजेक्टरचा पाइप चालू इंजिनात कधीही सैल करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. स्कॅनरवरून इंजेक्टर बंद करा.

पुराच्या पाण्यात गाडी बंद पडली. एकदा सेल्फ मारला, आता इंजिन फिरत नाही. काय झालं?

हवा दाबली जाते, पाणी नाही. पाणी इनटेकमधून सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन वर येताना अडतो, आणि जोर सगळा कनेक्टिंग रॉडवर येतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हापासून मुंबईच्या गॅरेजांना हे दुखणं चांगलंच परिचयाचं आहे.

किती पाणी पुरतं? १२४८ सीसीच्या डिझेलमध्ये एका सिलिंडरचा वाटा ३१२ सीसी. कॉम्प्रेशनचं गुणोत्तर साडेसतराच्या आसपास धरलं तर पिस्टन वर असताना उरलेली जागा १९ सीसी. म्हणजे चहाचे चार चमचे. छोट्या पेट्रोल इंजिनात ही जागा जवळपास दुप्पट असते, म्हणून डिझेलचे रॉड लवकर वाकतात. पाण्यात चालू इंजिन बंद पडलं असेल तर नुकसान जास्त, कारण तेव्हा फिरत्या फ्लायव्हीलचा जोर असतो. बंद गाडीवर नुसता सेल्फ मारला असेल तर रॉड वाचण्याची शक्यता बरी असते.

पुन्हा सेल्फ मारू नका. बॅटरी सोडवा, सगळे प्लग किंवा इंजेक्टर काढा, मग पान्याने क्रँक हाताने फिरवून पाणी बाहेर काढा. ऑइल दुधाळ झालं असेल तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. हे एका दिवसात व्हायला हवं, नाहीतर बोअरला आणि रिंगांना गंज धरतो.

पाणी काढल्यावर गाडी सुरू झाली, नीट चालतेय. मग रॉड ठीक असणार ना?

इथेच लोक फसतात. थोडा वाकलेला रॉड काही आठवडे व्यवस्थित काम करतो, मग एक दिवस मधोमध तुटतो आणि ब्लॉकला भगदाड पाडून बाहेर येतो. तेव्हा हाफ इंजिनाचा खर्च पूर्ण इंजिनावर जातो.

वाकलेला रॉड म्हणजे आखूड झालेला रॉड. पिस्टन पूर्वीइतका वर येत नाही. वर सांगितलेल्या डिझेलमध्ये, ६९.६ मिलिमीटर बोअरला, रॉड फक्त १ मिलिमीटरने आखूड झाला तर साडेसतराचं गुणोत्तर पंधराच्या खाली जातं. त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन इतरांपेक्षा स्पष्ट कमी येतं, पण लीक टेस्टमध्ये गळती दिसत नाही. ही जोडी दिसली की हेड उघडायचं. मग प्रत्येक पिस्टन टीडीसीवर आणून डायल गेजने त्याची उंची ब्लॉकच्या पृष्ठभागाच्या तुलनेत मोजायची. आखूड रॉडचा पिस्टन लगेच वेगळा पडतो. बोअरच्या वरच्या काजळीचा पट्टाही त्या सिलिंडरमध्ये जास्त रुंद दिसतो.

रॉड बाहेर काढून अलाइनरवर तपासला तर मर्यादा अशा: वाकण्याला १०० मिलिमीटर लांबीत ०.०५, पीळ पडण्याला ०.१०. याच्यावर गेलेला रॉड प्रेसवर सरळ करून देणारे भेटतील. घेऊ नका. सरळ झालेल्या रॉडच्या पोटात तडा कुठे सुरू झालाय ते डोळ्यांना दिसत नाही.

इंजिन गाडीतून न उतरवता पिस्टन काढता येतात का?

बऱ्याच गाड्यांत येतात, जर क्रॉस मेंबर किंवा सायलेन्सरचा पुढचा पाइप काढून ऑइल चेंबर खाली उतरत असेल तर. पण बोअर मारायचा (सिलिंडर कापून मोठा करायचा) असेल तर ब्लॉक लेथवर न्यावाच लागतो. म्हणून हेड काढल्यावर लगेच बोअर मोजा आणि मग ठरवा. गाडीखाली झोपून चारही रॉड सोडवल्यावर 'बोअर मारावा लागेल' असं कळणं म्हणजे दुप्पट मजुरी.

पिस्टन काढण्याचा क्रम काय?

पाणी आणि ऑइल काढून टाका. टायमिंगच्या खुणा जुळवून बेल्ट किंवा चेन काढा. हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत सैल करा. हेड आणि चेंबर निघाल्यावर ऑइलची जाळी काढा.

आता बोअरच्या वरच्या काठावर नख फिरवा. वरची रिंग जिथपर्यंत पोहोचते त्याच्या वर भिंत झिजत नाही, तिथे ओठासारखी कड राहते. ती नखाला अडकत असेल तर रिज रीमरने आधी काढा. कड तशीच ठेवून पिस्टन ठोकला तर रिंगांमधली ॲल्युमिनियमची भिंत तुटते. पिस्टन पुन्हा वापरायचा असेल तर इथेच संपला.

क्रँक फिरवून ज्या सिलिंडरचं काम करायचं त्याचा पिस्टन खाली आणा. रॉडला क्रँकवर धरून ठेवणाऱ्या कॅपचे नट किंवा बोल्ट सोडवा. रॉडला कायमचे बोल्ट असतील तर त्यांवर पेट्रोलच्या रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर बोल्टच्या आट्या क्रँकच्या जर्नलवर (रॉड बसतो त्या गुळगुळीत भागावर) ओरखडे काढतात. हातोडीच्या लाकडी दांड्याने रॉड वर ढकला आणि दुसऱ्या हाताने पिस्टन झेला. डिझेलमध्ये पिस्टनखाली ऑइल उडवणारे बारीक जेट असतात. रॉड त्यांना लागू देऊ नका. वाकलेला जेट पिस्टनला ऑइल देत नाही आणि तो पिस्टन पुढे वितळतो.

रॉडवर आणि कॅपवर खुणा का करायच्या?

रॉड आणि त्याची कॅप कारखान्यात एकत्र जोडून गोल कापलेली असते. एकाची कॅप दुसऱ्याला, किंवा त्याचीच कॅप उलटी, लावली तर भोक गोल राहत नाही आणि बेअरिंग जातं. कॅप सोडण्याआधी, रॉड आणि कॅप दोन्हींवर एकाच बाजूला, सिलिंडरचा क्रमांक लिहा. मार्कर पेन किंवा विजेचं खोदणं चालेल. छिन्नीने घाव घालू नका.

नव्या पिढीच्या पुष्कळ इंजिनांत रॉड अखंड बनवून मग मुद्दाम तडकवून कॅप वेगळी करतात. त्यांच्या जोडावर खडबडीत, तुटलेल्या दगडासारखा पृष्ठभाग दिसतो. ते खडबडीतपणच दोघांना जागेवर बसवतं. त्या पृष्ठभागावर कॅप टेबलावर ठेवू नका, तो वायर ब्रशने घासू नका.

रिंगा बदलून भागेल की बोअर मारावा लागेल?

याचं उत्तर डोळ्याने देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मधे आणि खाली, क्रँकच्या दिशेला आणि आडव्या दिशेला, असा सहा ठिकाणी मोजा. वरचं आणि खालचं माप यांतला फरक म्हणजे टेपर, दोन दिशांमधला फरक म्हणजे ओव्हॅलिटी. दोन्ही ०.०५ मिलिमीटरच्या आत असतील तर होनिंग (दगडाने भिंतीवर बारीक रेघा पाडणं) आणि नव्या रिंगा पुरतात. ०.१०च्या पुढे गेलं तर बोअर. मधे असेल तर पिस्टनची फट ठरवते.

पिस्टन कुठे मोजायचा तेही महत्त्वाचं. तो गोल नसतो, आणि त्याचा माथा स्कर्टपेक्षा मुद्दाम लहान ठेवलेला असतो, कारण वर उष्णता जास्त आणि ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं. म्हणून स्कर्टवर, गजन पिनच्या काटकोनात, पुस्तकात दिलेल्या उंचीवर मायक्रोमीटर लावायचा. बोअरमधून हे माप वजा केलं की फट मिळते. छोट्या पेट्रोल इंजिनात नवी फट ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर असते.

बोअर गेज नसेल तर एक कामचलाऊ उपाय. नवी रिंग बोअरच्या तळाशी सरळ बसवून तिच्या तोंडाची फट मोजा, मग वर, रिंगांच्या चालीच्या टोकाशी. दोन फटींतला फरक ३.१४ ने भागा, टेपर मिळेल. फरक ०.२५ आला तर टेपर ०.०८.

ओव्हरसाइज म्हणजे काय? 'दहा साइज, वीस साइज' म्हणतात ते हेच का?

हो. दहा म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या दहापट, ०.२५ मिलिमीटर. वीस म्हणजे ०.५०. एका सिलिंडरला बोअर लागला तरी सगळ्यांना एकच साइज करतात. पिस्टन आधी विकत आणायचे, मोजायचे, आणि त्या मापाला लेथवाल्याने बोअर करायचा. डब्यावरच्या आकड्याला बोअर करून मग पिस्टन शोधणं ही उलटी गंगा. बोअरिंगच्या हत्याराने शेवटचं माप काढायचं नसतं, होनिंगसाठी साधारण ०.०५ मिलिमीटर ठेवायचं असतं.

सगळ्या ब्लॉकना ओव्हरसाइज मिळत नाही. काही ॲल्युमिनियम ब्लॉकमधली स्लीव्ह इतकी पातळ असते की कंपनी ओव्हरसाइज पिस्टन बनवतच नाही. तिथे स्लीव्ह टाकायची किंवा शॉर्ट ब्लॉक घ्यायचा. ब्लॉक उघडण्याआधी सुट्या भागांच्या दुकानात चौकशी करा.

जुन्याच बोअरला होनिंग न करता नव्या रिंगा टाकल्या तर?

जुना बोअर आरशासारखा चकचकीत झालेला असतो. नव्या रिंगा बसायला त्यांना बारीक ओरखड्यांची जाळी लागते, त्यात ऑइल टिकतं आणि रिंगेची कड थोडी झिजून भिंतीला जुळते. गुळगुळीत भिंतीवर ती कधीच बसत नाही आणि हजारो किलोमीटरनंतरही ऑइल जळत राहतं. बिडाच्या बोअरला २२० ते २८० ग्रिटचे दगड, आणि ड्रिल वर-खाली अशा वेगाने की रेघा एकमेकींना ४५ ते ६० अंशांत छेदतील. निकासिल (निकेलचा कडक लेप) किंवा सिलिकॉन मिश्र ॲल्युमिनियमच्या भिंतीवर हे दगड चालत नाहीत.

होनिंगनंतरची धुलाई ही या कामातली सर्वात जास्त टाळली जाणारी पायरी. रॉकेल किंवा पेट्रोलने दगडाची भुकटी निघत नाही, ओरखड्यांत रुतून बसते आणि नव्या रिंगा हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये खाते. गरम पाणी, भांडी घासण्याचा साबण आणि ताठ ब्रश. पांढरा सुती कपडा बोअरमध्ये फिरवून तो पांढराच बाहेर येईपर्यंत. लगेच वाळवून ऑइल लावा, नाहीतर पाच मिनिटांत तांबूस गंज दिसतो.

रिंगेच्या तोंडाची फट किती ठेवायची?

प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये घालून, उलट्या पिस्टनने सरळ ढकलून फिलर गेजने मोजा. ढोबळ नियम: बोअरच्या दर २५ मिलिमीटरला ०.१. मारुती ८०० च्या ६८.५ मिलिमीटर बोअरला म्हणजे पाव मिलिमीटरच्या जरा वर, ०.२७. फट कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांवर आदळतात, रिंग भिंतीत रुतते आणि पिस्टनची खाच फोडते. फट थोडी जास्त असल्याचा तोटा त्या मानाने किरकोळ. कमी असेल तर बारीक कानशीने, बाहेरून आत घासत, वाढवा आणि धार काढून टाका.

खाचेत रिंग किती सैल आहे तेही पाहा. वरच्या खाचेत ०.१२ पेक्षा जास्त फट म्हणजे पिस्टन बदलायचा, रिंग कितीही नवी असो.

पिस्टनवरची काजळी कशी काढावी?

खाचेतली काजळी जुनी रिंग मोडून तिच्या तुकड्याने खरवडा, पण ॲल्युमिनियम ओरबाडू नका. ऑइल रिंगेच्या खाचेतली भोकं नीट मोकळी करा. हीच चोंदल्यामुळे पुष्कळ इंजिनं ऑइल पितात. वायर ब्रश, सँड ब्लास्टिंग आणि कॉस्टिक सोडा यांपासून पिस्टन दूर ठेवा. सोडा ॲल्युमिनियम खातो.

रिंगा चढवताना काय चुकतं?

क्रम खालून वर. आधी ऑइल रिंगेचा स्प्रिंगसारखा स्पेसर. त्याची टोकं समोरासमोर टेकावीत, एकमेकांवर चढू नयेत. चढली तर रिंग लगेच तुटते किंवा ऑइल जळतं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मग दोन पातळ पट्ट्या हाताने गुंडाळून. त्यानंतर दुसरी रिंग, शेवटी पहिली, या दोन्ही एक्स्पांडरने. हाताने ताणलेली रिंग पिळली जाते.

रिंगेवर टॉप, आर, एन अशी खूण असते, ती वर ठेवायची. दुसरी रिंग उलटी बसली तर ती ऑइल खाली खरवडण्याऐवजी वर ओढते. तोंडं एका रेषेत आणू नका. पहिली आणि दुसरी समोरासमोर, आणि कुठलंही तोंड गजन पिनच्या रेषेत किंवा पिस्टनच्या दाबाच्या बाजूला नको.

गजन पिन हातोडीने ठोकून काढली तर चालेल का?

नाही. पिन दोन प्रकारच्या. एकीत दोन्ही बाजूंना सर्क्लिप असतात आणि पिन रॉडच्या बुशमध्ये आणि पिस्टनमध्ये मोकळी फिरते. सर्क्लिप काढा, पिस्टन ६०-८० अंशांपर्यंत गरम पाण्यात किंवा ऑइलमध्ये तापवा, पिन अंगठ्याने सरकते. सर्क्लिप नेहमी नव्या, आणि तोंड वर किंवा खाली, आडवं नको. सुटलेली सर्क्लिप बोअरला नांगर फिरवल्यासारखी चर पाडते.

दुसरीत पिन रॉडमध्ये घट्ट दाबलेली असते. ती प्रेसवर योग्य आधारासह काढायची आणि बसवताना रॉडचं छोटं टोक तापवायचं. हे लेथवाल्याकडेच करून घ्या, घरच्या शिकंज्यात स्कर्ट वाकतो.

पिस्टन कोणत्या दिशेला बसवायचा?

डोक्यावरचा बाण किंवा ठिपका टायमिंगच्या बाजूला. पिनचं भोक मधोमध नसतं, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर एका बाजूला सरकवलेलं असतं, आणि व्हॉल्व्हसाठीच्या खाचाही सारख्या नसतात. उलटा बसवला तर आवाज करतो, आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. रॉडचीही दिशा ठरलेली असते, रॉडवरचं ऑइलचं भोक कोणत्या बाजूला ते काढतानाच लिहून ठेवा.

जुनी बेअरिंगं पाहून काय कळतं?

बरंच. कचऱ्याच्या रेघा म्हणजे ऑइल फिल्टर किंवा आधीच्या कामातली धुलाई. तांबं दिसू लागलं म्हणजे वरचा थर संपला. शेलच्या (बेअरिंगच्या अर्ध्या वाटीच्या) एकाच कडेला झीज असेल तर रॉड वाकलेला. सगळी शेल्स एकसारखी पुसली गेली असतील तर ऑइलचा दाब पडला होता. मग नवी बेअरिंगं टाकून भागणार नाही, पंप आणि जाळी पाहा. शेल फिरून रॉडचं भोक निळं पडलं असेल तर रॉड बदला.

फट प्लास्टिगेजने (दाबल्यावर चपटी होणारी प्लास्टिकची तार) मोजा: कोरड्या जर्नलवर तार ठेवा, पूर्ण टॉर्कने कॅप आवळा, क्रँक अजिबात न हलवता पुन्हा उघडा आणि चपटी झालेली तार पट्टीशी ताडून बघा. ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर उत्तम, ०.०८ शेवटची हद्द. रॉड क्रँकवर बाजूला किती सरकतो तेही फिलरने बघा, नव्यात ०.१० ते ०.२०.

फट जास्त आली तर कॅप थोडी घासून किंवा शेलमागे कागद घालून चालवतात. ते बरोबर?

हा जुगाड अजूनही होतो, म्हणून स्पष्टच: नाही. शेल कॅपच्या कडेपेक्षा किंचित वर राहील अशी बनवलेली असते, आवळल्यावर ती दाबली जाऊन भोकाला घट्ट चिकटते आणि उष्णता रॉडमध्ये देते. कॅप घासली की भोक अंडाकृती होतं. कागद घातला की उष्णता अडते. दोन्हींत बेअरिंग फिरतं. खरा उपाय म्हणजे क्रँक ०.२५ ने ग्राइंड करून अंडरसाइज शेल.

बोल्ट नवे घ्यायचे का? किती आवळायचे?

पुस्तकात टॉर्कनंतर अंश दिले असतील (उदाहरणार्थ १५ न्यूटन-मीटर, मग ४५ अंश, पुन्हा ४५ अंश), तर ते ताणले जाणारे बोल्ट आहेत आणि एकदाच वापरायचे. फक्त टॉर्कचा आकडा असेल तर आट्या तपासून जुने चालतात. पण रॉड बोल्टचा सेट तुलनेत इतका स्वस्त असतो की जुने वापरण्यात शहाणपण नाही. आट्यांना आणि डोक्याखाली ऑइलचा थेंब. कोरडा बोल्ट त्याच टॉर्कला कमी ताणला जातो. अंदाजाने 'करकचून' आवळलेला बोल्ट नंतर तुटतो आणि रॉड ब्लॉकमधून बाहेर पडतो.

पिस्टन बोअरमध्ये घालताना अडला तर?

थांबा. रिंग कॉम्प्रेसर ब्लॉकवरून उचलला गेलाय आणि ऑइल रिंगेची पट्टी बाहेर आलीय. बाहेर काढा, पुन्हा आवळा. दांड्याने हलके टोले पुरतात. जोर लागला तर काहीतरी चुकलंय. प्रत्येक पिस्टन बसवल्यावर क्रँक दोन फेरे हाताने फिरवा. एखाद्यानंतर अचानक जड झाला तर त्याच कॅपमध्ये दोष आहे, चौघांचं संपल्यावर शोधत बसावं लागत नाही.

पहिल्यांदा सुरू केल्यावर काय काळजी घ्यायची?

आधी प्लग किंवा इंधनाचा फ्यूज काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ फिरवा. सुरू झाल्यावर तासभर आयडलवर ठेवू नका. रिंगांना भिंतीवर दाबणारा गॅसचा दाब आयडलला मिळत नाही, बोअर पुन्हा चकचकीत होतो. पाणी-ऑइल गळत नाही एवढं बघून रस्त्यावर न्या. मध्यम ॲक्सिलरेटर, वेग बदलता, मधूनच पाय सोडायचा. एक्स्प्रेसवेवर एकाच वेगाने तासभर नको, वरच्या गिअरमध्ये दाबून चढही नको. पहिली हजार किलोमीटर अशीच. ५०० ला ऑइल आणि फिल्टर बदला, त्यात धातूची चमक दिसणं साहजिक आहे. सुरुवातीला मिनरल ऑइल वापरणं अनेकांची पद्धत आहे. टर्बो डिझेलमध्ये मात्र कंपनीच्या ग्रेडपासून हटू नका.

ऑइल थोडं कमी होणं दीड-दोन हजार किलोमीटरपर्यंत चालू शकतं. त्यानंतरही हजार किलोमीटरला लिटरच्या जवळ जात असेल तर पुन्हा कॉम्प्रेशन मोजा.

नवा पिस्टन वर्षभरात पुन्हा गेला. असं का होतं?

कारण कारण काढलंच नव्हतं. पिस्टन हा बहुतेक वेळा बळी असतो. माथ्याला भोक किंवा वितळलेली कड: डिझेलमध्ये टिपकणारा इंजेक्टर, पेट्रोलमध्ये नॉकिंग किंवा चुकीच्या उष्णतेचा प्लग. रिंगांमधली भिंत तुटलेली: पुन्हा नॉकिंग. स्कर्टच्या दोन बाजूंना ओरखडे: ऑइल कमी किंवा धुतलेला बोअर, बहुधा गळत्या इंजेक्टरमुळे. पिनजवळ चार कोपऱ्यांत ओरखडे: इंजिन तापलं होतं, म्हणजे रेडिएटर, थर्मोस्टॅट, फॅन तपासा. जुना पिस्टन गॅरेजमधून मागून घ्या आणि कुठल्या सिलिंडरचा ते त्यावर लिहून ठेवा. इंजेक्टर टेस्टिंगला पाठवताना तोच तुमचा पुरावा.